प्रौढांचा शिक्षक : त्याचे शिक्षण आणि त्याचा मान

आजच्या विषयाचे नाव वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंतातल्या संध्याकाळी लोक शिवकालावर ऐकावयास येतात, ज्ञानेश्वर-तुकारामांवर ऐकावयास येतात. रात्रीच्या वर्गातल्या मास्तरावर तासभर बोलण्यासारखे ते काय असणार? परंतु नगरहून मनमाडच्या रस्त्याने सीना ओलांडून आपण नागापुरात येतो, ते कारखान्यांच्या वस्तीत येतो. येथील एखाद्या खोलीत पाळी संपवून आलेला बाप पगाराची चिठ्ठी मुलापुढे धरतो आणि म्हणतो, "बघ रे, किती कापलेत?" त्या मुलाला शिकविणारा मास्तर आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याने पदविका घेतलेली असते, त्याची नेमणूक होते, त्याला वेतनश्रेणी असते. पण बापाला शिकविणारा कोण? त्याला कोणी शिकविले? आणि त्याच्या कामाची नोंद कोठल्या दप्तरात असते? हा माणूस महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षे आहे. दर पिढीत त्याला नवे नाव मिळाले. त्या नावांच्या मागे त्याची खरी स्थिती काय होती, हे आज आम्हांस पाहावयाचे आहे.

आरंभ आपल्याच शहरातून करावा लागतो. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई १८२७ साली मुंबईस उतरल्या, १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली येथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, आणि त्या पाहूनच आपणांस पुण्यात मुलींची शाळा काढण्याची उमेद आली, असे जोतीरावांनी स्वतः सांगितले आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगरला फरारबाईंकडे व पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल शाळेत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. यातला एक मुद्दा सहसा नजरेतून सुटतो. सावित्रीबाई स्वतः लग्नानंतर अक्षर शिकल्या. म्हणजे आपल्याकडील या पहिल्या शिक्षिका प्रथम मोठेपणी शिकणाऱ्या विद्यार्थिनी होत्या, मग शिकविण्याची रीत शिकल्या आणि त्यानंतर वर्गापुढे उभ्या राहिल्या. आधी शिक्षण आणि मग अध्यापन हा क्रम १८४८ च्या सुमारास एका माळ्याच्या घरात पाळला गेला. पुढे मोठमोठ्या योजनांनी तो पाळला की नाही, ते पाहूच.

१८५५ साली फुले दांपत्याने शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेल्यांना शिकविण्याचे काम तेथे नवराबायकोच करीत. त्याआधी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांना शालजोडी देऊन त्यांचा सत्कार झाला होता. मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळांबद्दलचा तो गौरव होता आणि तो योग्यच होता. परंतु शिक्षकाची शालीने बोळवण करण्याची आपल्याकडील प्रथा तेव्हापासूनच पडली की काय, असा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. कारण शालीचा खरा उपयोग जोतीरावांनी ओळखला होता आणि तिची मर्यादाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन केले, त्यात सत्कारांची मागणी कोठेही नाही. खेड्यातील शिक्षक प्रशिक्षित असावा, तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, म्हणजे लोकांत मिसळून त्यांच्या गरजा त्यास समजतील. त्यास महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गावी पंधरा-वीस रुपये असावा, असे ते सांगतात. प्रशिक्षण, लोकांशी जवळीक आणि पोट भरेल इतका पगार : जोतीरावांनी ही मागणी प्राथमिक शिक्षकासाठी केली. प्राथमिक शिक्षकाला ती पुढे बऱ्याच अंशी मिळालीही. पण रात्रीच्या वर्गातील शिक्षकासाठी ती कोणी पुन्हा मांडली नाही.

मधली वर्षे आम्ही झपाट्याने ओलांडतो. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात १९०९ पासून प्रौढ स्त्रिया शिकत होत्या आणि त्यांतल्या काही पुढे शिक्षिका होत होत्या. सावित्रीबाईंचाच क्रम तेथे संस्थेच्या रूपाने चालला. १९३७ साली खेर मंत्रिमंडळ आल्यावर मुंबई इलाख्यात साक्षरतेच्या प्रचाराला सरकारी बळ मिळाले, आणि १९३९ पासून मुंबईच्या गिरणगावात चाळीचाळींतून वर्ग भरू लागले. एक मोठे काम तेथे उभे राहिले. पण वर्ग घेणारा बहुतेक वेळी दिवसा दुसरी नोकरी करणारा माणूस होता. प्रौढशिक्षण हा त्याचा धर्म होता, धंदा नव्हता. त्या काळी हे भूषण वाटे.

स्वातंत्र्यानंतर प्रथमच या कामासाठी पगारी पद निर्माण झाले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली, आणि तिच्या विकासगटांत समाजशिक्षण संघटक नेमावयाचे ठरले : एक पुरुष, एक स्त्री. त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षणकेंद्रे निघाली. जिल्हापातळीवरील अधिकाऱ्यांसाठी १९५६ साली दिल्लीत राष्ट्रीय मूलोद्योग... नव्हे, मूलभूत शिक्षणाचे केंद्र स्थापन झाले. (हे दोन शब्द त्या काळी इतके शेजारी नांदत असत की आमचीही जीभ घसरते.) संघटक मात्र गावोगाव वर्ग घेणारा नव्हता. त्याने वर्ग उभे करावयाचे, भजनी मंडळ, तालीम, वाचनालय चालते करावयाचे. प्रत्यक्ष पाटीपुढे बसणारा गावातलाच कोणी तरी असे. म्हणजे पद मिळाले ते संघटकाला, शिक्षकाला नव्हे.

याच दशकात एक निराळी गोष्ट आपल्या नागपुरास घडली, आणि नागापूरच्या कामगारबंधूंनी ती मुद्दाम ऐकावी. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले व त्याचे मुख्य ठाणे नागपूर ठरले. मंडळाने शिक्षणाची तीन पायऱ्यांची शिडी केली. वर शिक्षणाधिकारी. त्यांनी शिकवावयाचे ते कामगारांतूनच निवडलेल्यांना. यांना कामगार-शिक्षक म्हणत. आणि कामगार-शिक्षकाने आपापल्या कारखान्यात परत जाऊन सोबत्यांचे वर्ग घ्यावयाचे. कामगार-शिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण वेळ तीन महिन्यांचा असे. कामगार-संघटना त्याचे नाव सुचवी आणि या काळात मालक त्याला पगारी सोडी. येथे थोडे थांबले पाहिजे. शिकविणाऱ्याने शिकण्यात घालविलेला वेळ हा कामाचाच वेळ आहे आणि त्याचे दाम दिले पाहिजे, हे तत्त्व प्रौढशिक्षणाच्या आपल्या इतिहासात इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच मान्य झालेले आढळते. आणि ते मान्य झाले कोठे, तर यंत्रशाळेत. लेथवरच्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागत नाही. हात तयार व्हावयास वेळ लागतो व त्या वेळेस पोट असतेच, हे तो जाणतो.

याच सुमारास, १९५९ साली, साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि १९६१ पासून राज्यभर पसरली. गावाने शपथ घ्यावयाची, प्राथमिक शिक्षकांनी व शिकलेल्या तरुणांनी काही महिने वर्ग चालवावयाचे आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करावयाचा. गुढ्यातोरणे, मिरवणूक, म्हाताऱ्या बायका फळ्यावर आपले नाव लिहिताहेत! ज्यांनी तो सोहळा पाहिला ते तो विसरले नाहीत. आम्ही त्या मोहिमेला कमी लेखीत नाही. पण गौरव गावाचा झाला. दिवसभर मुलांना शिकवून रात्री त्यांच्या आईबापांना शिकविणाऱ्या मास्तराच्या सेवापुस्तकात त्याची ओळ किती ठिकाणी उमटली? आणि समारंभ आटोपल्यावर बऱ्याच गावी अक्षर पुन्हा पुसट झाले, कारण वर्ग संपला तसा शिक्षकाचा गावाशी असलेला तो संबंधही संपला.

आता आम्ही त्या योजनेकडे येतो, जिच्यामुळे 'मानधन' हा शब्द घरोघरी पोहोचला. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. साधारण तीस प्रौढांचा एक वर्ग, मुदत दहा महिने, आणि वर्ग घेणाऱ्याला, कोठे अनुदेशक तर कोठे निदेशक म्हणत, महिना पन्नास रुपये. त्याच्यावर पर्यवेक्षक, त्याच्यावर प्रकल्प अधिकारी. पुण्यात जे. पी. नाईक व चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेत या कामासाठी राज्याचे साधनकेंद्र चालले. वाचनपाठ, प्रशिक्षकांचे प्रशिक्षण, मूल्यमापन यांवर तेथे कसून विचार झाला. विचारात उणीव नव्हती. मात्र गावात पोहोचेपर्यंत त्यातले थोडेच उरे.

आमच्या परिचयाच्या एक बाई होत्या. त्यांनी या जिल्ह्यातील एका खेड्यात तो वर्ग चालविला. सातवी शिकलेल्या, नवरा मुंबईस. काही दिवसांचे प्रशिक्षण, एक फळा, पाट्या, एक कंदील. रॉकेल संपले की घरचे घालावे लागे. पुस्तकातला पहिला पाठ बायकांना रुचेना; त्या म्हणाल्या, "आम्हांला एस.टी.ची पाटी वाचायला शिकव, आणि रेशनच्या दुकानातला काटा." बाईंनी पुस्तक बाजूला ठेवून एस.टी.च्या पाट्या घेतल्या. नगर, पारनेर, जामखेड, श्रीगोंदे. आठवड्यात वर्ग भरून वाहू लागला. ही युक्ती त्यांना कोणी शिकविली नव्हती, आणि ती शेजारच्या गावच्या शिक्षिकेस सांगण्याची सोयही नव्हती. कारण प्रशिक्षण एकदा झाले ते झाले, सर्वजणी पुन्हा एकत्र बसल्या नाहीत. पुढे काही वर्षांनी त्यांनी एका नोकरीसाठी अर्ज केला आणि या कामाचा अनुभव लिहिला. कचेरीतून उत्तर मिळाले की ती नोकरी नव्हती, मानधनाचे काम होते, सबब अनुभव धरता येत नाही. आम्ही तेव्हापासून 'मानधन' या शब्दाची फोड करून पाहत आहो. त्यात मान आहे आणि धनही आहे, असे दिसते. बाईंच्या पदरी पन्नास रुपये आले आणि मान कचेरीत राहिला.

हाच प्रश्न दूर हरियाणात न्यायासनापुढे उभा राहिला. तेथील प्रौढशिक्षणाच्या पर्यवेक्षकांना ठरीव रक्कम मिळे, आणि दर सहा महिन्यांनी नेमणुकीत खंड पाडून त्यांना पुन्हा घेत. तेच काम करणाऱ्या कायम सेवकांना मात्र वेतनश्रेणी होती. भगवान दास व इतर विरुद्ध हरियाणा राज्य या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला : काम सारखे तर दाम सारखे. निवडीची पद्धत निराळी होती, योजना तात्पुरती होती, या सबबी न्यायालयाने मानल्या नाहीत. पुढच्याच वर्षी, १९८८ साली, जयपाल व इतरांच्या दाव्यात प्रत्यक्ष वर्ग घेणारे शिक्षक न्यायालयात आले. त्यांना महिना दोनशे रुपये मिळत. सरकारचे म्हणणे, हे अर्धवेळ काम करतात. न्यायालयाने कामाचे स्वरूप तपासले. वर्ग घ्यावयाचा, शिवाय घरोघर फिरून माणसे जमवावयाची, गळालेल्यांना परत आणावयाचे; आणि पूर्णवेळ म्हणविणाऱ्यांचे कामही हेच. वेतन सारखे देण्याचा हुकूम झाला. त्यांना सेवेत कायम करण्याचा हुकूम मात्र झाला नाही, कारण ज्या योजनेवर ते काम करीत होते ती योजनाच कायमची नव्हती.

या शेवटच्या वाक्यात, आमच्या मते, सगळ्या प्रश्नाची गाठ आहे. निरक्षरता योजनेहून चिवट आहे. आपल्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, २०११ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७९ टक्के होते. म्हणजे सात वर्षांवरील दर पाच माणसांत एक निरक्षर. फरारबाईंना दीडशे वर्षे होऊन गेल्यावरची ही स्थिती. काम पिढ्यान्‌पिढ्यांचे आणि कामकरी माणूस दहा महिन्यांचा, असा हा मेळ आहे.

न्यायालयाने दाम ठरविले त्याच वर्षी वारा फिरला. १९८८ च्या मे महिन्यात राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. केरळातील एर्नाकुलम जिल्हा फेब्रुवारी १९९० मध्ये साक्षर जाहीर झाला, तो हजारो स्वयंसेवकांच्या बिनमोल कष्टांवर. आणि मग संपूर्ण साक्षरता अभियान हाच सर्वत्र नमुना झाला. आपल्याकडे सिंधुदुर्गाने त्यात आघाडी घेतली. त्या दिवसांतील उत्साह खरा होता, कलापथके खरी होती, शिकलेली माणसे खरी होती. पण वर्ग घेणाऱ्याला आता पन्नास रुपयेही द्यावयाचे नव्हते. अनुदेशकाचा स्वयंसेवक झाला. हा केवळ योगायोग होता, असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही. तथापि पैशाची बचत हाच हेतू होता, असा आरोपही आम्ही करीत नाही. सेवाभाव स्वस्त पडतो, हे सर्वच राजवटींना माहीत असते.

२००९ साली साक्षर भारत योजना आली. स्त्रियांची साक्षरता पन्नास टक्के वा त्याहून कमी असलेले जिल्हे तिने मुख्यतः निवडले, ग्रामपंचायतीस एक लोकशिक्षण केंद्र दिले आणि त्यावर दोन प्रेरक नेमले. प्रेरकास महिना दोन हजार रुपये. ३१ मार्च २०१८ रोजी योजना संपली व तिच्याबरोबर 'प्रेरक' हे नावही संपले. २०२२ पासून पाच वर्षांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आला. त्यालाच पुढे 'उल्लास' म्हणू लागले. त्याचा पाया पुन्हा स्वयंसेवक. २०२३ साली राज्यातील शिक्षक-संघटनांनी या कार्यक्रमातील निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला, कारण त्यांच्या मते ते अशैक्षणिक काम होते. शिक्षकांवर आधीच किती कामांचे ओझे असते ते आम्ही जाणतो. त्यांचे गाऱ्हाणे खोटे नाही. परंतु निरक्षर माणूस शोधून काढण्याचे काम अशैक्षणिक ठरावे, यावरून प्रौढशिक्षणास आपण शिक्षणाच्या घरात कोठे बसवले आहे ते कळते. ओटीवरसुद्धा नाही, अंगणात.

जगाने याबद्दल काही म्हटले नाही, असे नाही. १९७६ साली नैरोबीस युनेस्कोने प्रौढशिक्षणाविषयी जी शिफारस मंजूर केली, तीत या शिक्षकांचे प्रशिक्षण व दर्जा यांस स्वतंत्र भाग दिला आहे. पण नैरोबी दूर पडली. आपण जामखेडला जाऊ. ते आपल्याच जिल्ह्यात आहे.

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्याचे काम सुरू केले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहीनात, तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. निवडलेल्यांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या. त्यांनी गावच्या बायकांना काय शिकवावयाचे? बाळंतपण, जुलाबावर साखर-मिठाचे पाणी, स्वच्छ पाणी, मुलाचे वजन, आणि मुलीचे लग्न लवकर करू नये हे. म्हणजे त्या प्रौढांच्या शिक्षिकाच होत्या, मग त्यांना नाव काहीही द्या. त्यांचे प्रशिक्षण एकदा होऊन संपले नाही, हे जामखेडचे खरे वैशिष्ट्य. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, गोल करून बसत. मागच्या आठवड्यात कोणाच्या गावी काय झाले ते सांगत. एकीला जे साधले ते दुसरी घेई; एकीला जे साधले नाही त्यावर सगळ्या विचार करीत. नवा विषय थोडासाच, आणि तो लगेच गावी जाऊन करून पाहावयाचा. जुन्या बायका नव्यांना शिकवू लागल्या, आणि पुढे देशोदेशींचे डॉक्टर जामखेडला शिकावयास आले तेव्हा त्यांच्या शिक्षकांत या बायकाही होत्या. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९८८ साली यांपैकी एक बाई वॉशिंग्टनच्या सभेत उभी राहून बोलली. आमच्या एस.टी.च्या पाट्या शिकविणाऱ्या बाईंना असे गोल करून बसावयास मिळाले असते, तर पारनेर-श्रीगोंद्याच्या किती वर्गांत ती पाटी लागली असती!

कोणी म्हणेल, जामखेडच्या बायकांना तरी वेतनश्रेणी कोठे होती? नव्हती. तेथेही पगाराचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. त्यांना लहानसे मानधन व धंद्यासाठी मदत यांवर भागवावे लागले. तो प्रश्न सरकारच्या पातळीवरच सुटेल आणि त्यासाठी १९८७-८८ चे निकाल हाताशी आहेत. पण दर आठवड्याला एकत्र बसण्यासाठी सरकारी मंजुरी लागत नाही. आज नागापूर व आसपास जे कोणी, कारखान्यातले तरुण, घरकाम आटोपून आलेल्या सुना, निवृत्त गुरुजी, एकदोन प्रौढांना शिकवीत असतील, त्यांना एक खोली, एक सतरंजी आणि आठवड्यातील एक संध्याकाळ हवी आहे. कोण आले, कोणी काय शिकविले, कोठे अडले याची एक वही ठेवावी. पुढे कोणास दाखला लागला तर त्या वहीवरून तो देता येईल आणि अनुभव धरता येत नाही असे म्हणणे कचेरीस जड जाईल. या व्याख्यानमालेसाठी ज्यांनी हा मांडव घातला, त्यांना खोली मिळविणे अवघड नाही. सभा संपल्यावर आम्ही येथेच थांबणार आहोत; ज्यांना या कामात यावयाचे असेल त्यांनी आपली नावे व सोयीचा वार सांगावा.